बाजूच्या जहाजाचं पिंप

प्रिय मम्मी,

एवढ्या लांबून तुझा आशीर्वाद मागतो. फोन लागत नाही, म्हणून घरी निघालेल्या इंजिनिअरकडे ही चिठ्ठी देतोय. मी बरा आहे, दोन वेळ जेवतो. पुढे लढाई चाललीय म्हणून जहाज थांबवलंय, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

मागे तू फोनवर म्हणालीस, सिलिंडर येत नाही, कलावतीमावशीच टोपभर भात आणून देते. अगं, आपल्या अख्ख्या कोपरी गावाला पुरेल एवढा गॅस माझ्या पायाखालच्या टाक्यांत भरलाय आणि तुझी शेगडी बंद! मावशीचा सिलिंडर तरी किती पुरणार?

इथे आमचं गोडं पाणी संपलेलं. बाजूला उभ्या असलेल्या जहाजाने होडीतून पिंपभर पाणी पाठवलं. कुठल्या देशाचे, कुणाच्या बाजूचे, आम्ही विचारलं नाही, त्यांनीही नाही. कॅप्टन संध्याकाळीच पिंप परत पाठवत होता. मीच म्हटलं, थांबा, आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं देत नाहीत. पिंप धुतलं, सुकायला ठेवलं. त्यात तू घरी कुटून दिलेला बॉटल मसाला घालून सकाळी पाठवणार होतो.

सकाळी ते जहाज तिथे नव्हतं. पुढे गेले असतील, असं कॅप्टन म्हणतो. पहाटे मोठा आवाज झालेला, तो ढगांचा असेल.

पिंप अजून आमच्याकडेच आहे. मम्मी, मावशीचा टोप घरात असेल तर आजच देऊन ये. घालायला काही नसलं तरी चालेल.

तुझाच,
गॅविन