स्केटपार्कातला दगड

१४ ऑक्टो.
परत भांडण. आईनं आज स्केटपार्कच्या सपाट भागावर बाजरी पसरली. आमची, वर शेजारच्या दोघींची. पुण्याच्या संस्थेनं करून दिलेला गुळगुळीत कोबा, गावात असं खळं दुसरं नाही, हे मलाही कळतं. पण राशीपाशी दगड मांडून हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आता हितं बूट घालून यायचं न्हाई. खळं हाय."
आम्ही खेळायचं कुठं मग?
"चाकाच्या फळीवर नाचायचं वय हाय का तुझं?"
वीस. कॉलेजचं शेवटचं वर्ष. असू दे वय.

१६ ऑक्टो.
अनवाणी खेळले. बूट नाहीत, आता बोला! अंगठ्याचं सालटं निघालं. दीपी (काकांची पोरगी, नववीत, माझी पहिली शिष्या) आणि बाकीच्या पोरीही अनवाणी. आई बघत होती. बाजरी हलवत राहिली.

२१ ऑक्टो.
ग्रा.पं.ला पार्क सुधारायला निधी!! अट एकच, लोकांच्या सूचना घ्यायच्या. सभा पुढच्या महिन्यात. रॅम्पची कड फुटलीय, तिथंच दीपीच्या हनुवटीला टाके पडले होते. आम्हाला नवा रॅम्प पाहिजे. आणि बाऊल, म्हणजे कढईसारखा गोल खोलगट खड्डा. दीपीनं कोळशानं कोब्यावरच काढून दाखवला. जरा मोठाच काढला.

२ नोव्हें.
बाजरी घरी गेली, दगड तिथंच. आईला दोनदा सांगितलं. "उचलीन की." आज दगडापुढं नारळ आणि अगरबत्ती. आई म्हणते मी नाही.

९ नोव्हें.
शेंदूर. झेंडूचा हार. शाळेत जाणारी पोरं पाया पडून जातात.
दीपी : "ताई, म्या बी पडले. गनिताचा पेपर हुता."


१५ नोव्हें.
ग्रा.पं.चे मेंबर बबनतात्या घरी. चहा. "वहिनी, तुमच्या हातनं जागृत स्थान झालं बघा. ह्या निधीत सभामंडपच उठवू. पोरं काय, कुटंबी खेळत्यात."
मी आतून बाहेर आले. म्हटलं, तात्या, त्यो खळ्याचा दगड हाय, देव न्हाई.
"बये, लोकांच्या भावनेचा प्रश्न हाय."
आणि माझी भावना? घरातून निघाल्यावर 'कुठं चाललीस, कुणासंगं, कशाला' हे तीन प्रश्न. फक्त पार्कात गेले की कोणी विचारत नाही. पोरी पडतात, उठतात, मोठ्यानं हसतात. ही जागा मी देणार नाही. मंडप बांधायचा तर माझ्या अंगावर बांधा.

१६ नोव्हें.
आईला म्हटलं, तू मांडलास, तूच उचल.
"आता लोकांनी हात जोडल्यात. कसा उचलू?"
मग मी उचलते.
"हात लावून तर बघ!"
भ्यायलीय ती. मला राग आला आणि वाईटही वाटलं. जेवले नाही.

२३ नोव्हें.
सभा. पार्कातच.
तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, ही जागा वापरतं कोण? मी म्हटलं, आम्ही. मागून लोक हसले. मेंबर म्हणाले, "साहेब, देव बसलाय हितं."
तेवढ्यात बायकांतून आई उठली. पदर खोचलेला. "बसला न्हाई, म्या बशिवला. खळं उठलं की दगड उचलायचा असतो, माज्याकडनं ऱ्हायला. बाजरी-तुरीला जागा लागती आमाला. मंडपात ऊन येतंय व्हय?"
बायका हसल्या. मेंबर नाही हसले. "वहिनी, देवाला उठवनार?"
आईनं चप्पल काढली, दगडाच्या पाया पडली. "मने, धर हिकडनं." मी धरला. एवढा जडही नव्हता. दोघींनी आमच्या शेतात नेऊन लिंबाखाली ठेवला.
साहेबांनी लिहून घेतलं : रॅम्प, बाऊल, सपाट भाग आहे तसा. मंजुरी व्हायचीय.
वाटेत आई म्हणाली, "तुज्यासाठी न्हाई केलं. तुरीसाठी केलं." बरं.

२९ नोव्हें.
दीपी पळत आली. त्याच जागी नवा दगड. दुप्पट मोठा, शेंदूर ओला, बुडाचं सिमेंटही ओलं. मेंबर हात जोडून उभे. म्हणे, स्वयंभू!
आई आली. खाली वाकून सिमेंटला बोट लावलं, बोट पदराला पुसलं. मग नमस्कार केला.
"ह्यो माजा न्हाई," म्हणाली. "मला उचलायचा हक न्हाई."
मेंबर खूश. आईनं तिथंच बसकण मारली, दगडाला टेकून. मला म्हणाली, "उबी काय ऱ्हायलीस? पोरी बोलीव. फळ्या आना."
दिवसभर दगडाला वळसे घालून खेळलो. मेंबरनी दोनदा सांगितलं, उठा. आई उठली नाही. दुपारी शेजारच्या दोघीही भाकरी बांधून येऊन बसल्या.
सोमवारी साहेब जागा बघायला येणार. तोवर सिमेंट वाळेल. पोरींना सांगितलंय, रोज यायचं. जागा वापरतं कोण, ते साहेबांना डोळ्यांनी दिसू दे.