दोन गुडघ्यांना पांढरं फडकं

आबा,

तुमचा चष्मा आज भंगारवाल्याला द्यायला काढला होता, दिला नाही. प्रेमापोटी नाही, रागापोटी. पंचाची शिट्टी खुंटीला टांगल्यावर महिन्याच्या आत तुम्ही तो करून घेतलात, नाकावर ठेवून दारात उभे राहिलात आणि गल्लीच्या टोकाकडं बघून म्हणालात, "अगं, त्या दुकानावर पाटी हाय की!" आई हसली. मी आत निघून गेले. ती पाटी माझ्या जन्माआधीपासून तिथं होती. ज्याला ती दिसत नव्हती तो माणूस आठ वर्षं फुटबॉलच्या मैदानावर बावीस जणांचा न्याय करत होता. हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि ते माझ्या गळ्यात का मारलंत म्हणून मला आजही संताप येतो.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराला तुम्ही पहिल्यांदा गळ्यात शिट्टी घातलीत. शाळेत ड्रिल मास्तर, आवाज खणखणीत, दम मोठा, त्यामुळं पंच म्हणून तुम्हीच पुढं. कोल्हापुरात पेठा उदंड, तालमी उदंड, प्रत्येक तालमीची आपली टीम, पंच मात्र बोटांवर मोजण्याइतके. म्हणून आपल्याच तालमीच्या मॅचलासुद्धा तुम्हालाच बोलवायचे, आणि कुणी नाव ठेवायला नको म्हणून तुम्ही आपल्याच पोरांवर जास्त शिट्टी फुंकायचात. नसलेला ऑफसाइड दिलात, रेषेच्या आत गेलेला बॉल बाहेर काढलात. एका पेनल्टीनंतर आपल्या दाराला तुटक्या पायताणांची माळ लागली. आई ती काढायला गेली तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पंचाच्या दाराला असलंच तोरण शोभतंय." निम्मं गाव म्हणायचं मास्तर कडक आहे, निम्मं म्हणायचं मास्तर विकला गेलाय. दोन्ही खोटं. तुम्हाला लांबचं दिसत नव्हतं, एवढीच गोष्ट होती. "पंच आंधळा हाय काय रं?" असं दर मॅचला कुणीतरी ओरडायचं, आणि चष्मा लावून उतरलात तर ते खरं ठरेल याची तुम्हाला लाज. लोकांनी आंधळा म्हणू नये म्हणून तुम्ही आंधळेपणानं न्याय केलात आबा. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आणि डोळे म्हणून वापरलंत मला. हे सुरू झालं तेव्हा सोळा वर्षांची होते मी. आपला पाण्याचा नळ तालमीसमोर, पोरं तिथूनच सरावाला जायची यायची, दुसऱ्या पेठांची पोरंही वाटेत दिसायची. जर्सीवर नंबर नसायचे तेव्हा. मॅचच्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत असायची, तुम्ही चुलीजवळ पाटावर बसून शिट्टी पुसत म्हणायचात, "हं, सांग." मी सांगायची: डोक्याला रुमाल बांधतो तो गोली. डावा खांदा पाडून पळतो तो बॅक. उजव्या गुडघ्याला पांढरं फडकं बांधतो तो आपला फॉरवर्ड, तो पाय घालतो, त्याच्यावर ध्यान ठेवा. तुम्ही डोळे मिटून पाढ्यांसारखं परत म्हणायचात; आईला वाटायचं, पंच म्हणून पोरांची नुसती माहिती घेताय. पहिली दोन-तीन वर्षं मला त्याचा अभिमान होता, हेही कबूल करते.

शेजारच्या काकू लोकांचे झंपर शिवून घर चालवायच्या. त्यांचा एकुलता मुलगा आपल्याच तालमीचा हाफबॅक. मुंबईच्या एका गिरणीला टीमसाठी पोरगा हवा होता, नोकरीसकट. त्यांचा माणूस फायनल बघायला येणार होता आणि खेळ पसंत पडला तर त्याच संध्याकाळी कागद देणार होता. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्हालाही.

ती फायनल मला अजून दिसते. आम्ही बायका मैदानाशेजारच्या माडीवर उभ्या आहोत. एक एक बरोबरी. समोरच्या पेठेचा गोली बॉलवर पडतो, आणि आपला फॉरवर्ड, तोच फडकंवाला, त्याच्या पोटात लाथ घालतो. तुम्ही पार मधल्या रेषेवर. शिट्टी वाजते, दोन्हीकडची पोरं एकमेकांवर धावतात, आणि तुम्ही लांबूनच हात ताठ करून त्या घोळक्यातल्या पांढऱ्या गुडघ्याकडं बोट दाखवता: बाहेर. पण त्या दिवशी मैदानावर पांढऱ्या फडक्याचे गुडघे दोन होते, आबा. तुमचं बोट काकूंच्या मुलाकडं होतं. तो तर भांडण सोडवायला आला होता. तुम्ही चालत जवळ गेलात. जवळचं तुम्हाला चांगलं दिसायचं. दोन हातांवरून तुम्ही त्याचा चेहरा बघितलात, तुमचा हात थोडा खाली आला, मी माडीवरून बघितलं. मग तो पुन्हा ताठ झाला. मुलगा काहीतरी बोलत होता, हात जोडत होता. गिरणीचा माणूस खेळ संपायच्या आधीच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी काकू आपल्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. "मास्तर, माझ्या पोरानं पाय लावला न्हाय. तुमास्नी ठावं हाय. गिरणीवाल्यास्नी एक चिठ्ठी लिवून द्या, चूक झाली म्हनून." तुम्ही जेवत होतात. घास खाली न ठेवता म्हणालात, "बाई, शिट्टी वाजली. आता देव खाली आला तरी निकाल बदलत न्हाय." मी मध्ये बोलले, आयुष्यात पहिल्यांदा: "आबा, तो नव्हता." तुम्ही माझ्याकडं बघितलंतही नाही. "तू मैदानात हुतीस? मग गप बस." काकू गेल्या. त्यानंतर आईचा झंपर त्यांनी कधी शिवला नाही. त्या निकालानं मुलगा वर्षभर खेळाबाहेर, गिरणीनं दुसरा बघितला. तो गुळाच्या अड्ड्यावर रवे, त्या जड ढेपा, उचलायला लागला, अगदी पाठीचा कणा वाकेपर्यंत. तरी तुम्ही दिसलात की "नमस्कार मास्तर" म्हणायचा. तुमच्या तिरडीला खांदाही दिला त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. आणि चष्मा आल्यावर काय झालं सांगू? तुम्हाला तो लांबूनच दिसायला लागला, आणि तुम्ही गल्ली बदलायला लागलात. मी बघितलंय. चूक झाली हे तुम्ही आईला सांगितलं नाहीत, मला नाही, त्याला तर नाहीच. एक वाक्य होतं, आबा. तेवढं वाक्य तुम्ही बरोबर घेऊन गेलात, आणि मी म्हातारी झाले तरी या रागातून सुटले नाही.

हे कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत कोंबणार आहे, डबी माळ्यावर जाईल. तुम्ही वाचणार नाही म्हणून एवढं तरी लिहिते. दुसरं फडकं कुठून आलं हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आदल्या संध्याकाळी सरावात त्याचा गुडघा सोलवटला होता. सकाळी नळावर, कुणी बघत नाही असं बघून, तुमच्याच जुन्या धोतराची पट्टी फाडून मी त्याला दिली, आणि त्यानं ती माझ्यासमोरच बांधली. मग घरी येऊन चुलीजवळ तुम्हाला यादी सांगितली. शेवटी तुम्ही विचारलंत, "आनि आपल्या शेजारचा?" आई तिथंच बसली होती. माझा चेहरा तापला, आणि मी म्हटलं, "त्याला काय खूण न्हाय, आबा."