उशीचे अठरा श्वास

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द सवयीने लिहितो. आज खरोखरच जमिनीवर पालथं पडून तोंड लपवावंसं वाटतंय, तेव्हा तो शब्दशः घे.) पत्र पोस्टात न टाकता स्वतः तुझ्या हातात दिलं आणि समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो, याचं तुला नवल वाटलं असेल. पण जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. तेव्हा एवढंच कर. चष्मा लाव, पाठ टेकून बस, सावकाश वाच आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. ओरडायचं ते शेवटी एकदम ओरड.

तुझी प्रकृती कशी आहे? (हेही सवयीने विचारत नाही.) परवा फोनवर विचारलं तर "मला काय धाड भरलीय" म्हणालीस, पण त्या चार शब्दांत दोनदा थांबलीस. मी म्हटलं, लाइन खराब असेल. आई म्हणते, हल्ली तू तीन-तीन उश्या घेऊन झोपतेस. वय झालं की माणूस ऐसपैस होतो, असं मी तिला सांगितलं. माझं म्हणशील तर तब्येत उत्तम आहे, फक्त अब्रू गेली आहे.

तू चौतीस वर्षं सिस्टर होतीस आणि तुझ्या पावलावर पाऊल टाकणारा घरात मी एकटा. मुलगा असून नर्स झाला म्हणून काका हसले, शेजारी हसले, आणि तू तुझं खिशावर लावायचं घड्याळ मला दिलंस, तेच सेकंदकाट्याचं. मी परीक्षेत पहिला आलो. वॉर्डात लागल्यावर आठ महिन्यांत माझा रुबाब असा, की नवे नातेवाईक मला डॉक्टर समजायचे आणि मी त्यांचा गैरसमज जरा हळूहळू दूर करायचो. तू विचारलंस की घड्याळ वापरतोस ना, की मी हो म्हणायचो. मावशी, ते घड्याळ तीन महिने बंद पडलं होतं. मोज्यांच्या खणात होतं.

आता खरा गुन्हा. रोज सकाळी दहाला आम्ही प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि श्वास तक्त्यावर लिहितो. बाकी सगळं यंत्रं सांगतात. श्वास मात्र आमच्या वॉर्डातलं कुठलंच यंत्र सांगत नाही. तिथे उभं राहून, छाती वरखाली होताना बघून, पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं. तेही पेशंटला कळू न देता, कारण कळलं की माणूस फोटोला बसल्यासारखा श्वास घेतो. त्याची युक्ती मला कॉलेजच्या आधी तूच शिकवलीस : मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळ्याने छाती मोजायची. (माझ्या मुंजीच्या वयात तू ती आजोबांवर करून दाखवली होतीस. त्यांना शेवटपर्यंत वाटलं, तुझी त्यांच्यावर फार माया आहे. तीही होतीच म्हणा.)

पण बावीस पेशंट म्हणजे बावीस मिनिटं नुसतं छात्यांकडे बघत उभं राहायचं. एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. ती कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येते. अठरा लिहायचं. निरोगी माणूस बारा ते वीस श्वास घेतो, त्यात अठरा हा कसा सभ्य आकडा आहे, त्याच्याकडे बघून कुठलाही डॉक्टर भुवई उंचावत नाही. कुणी वीस लिहितं, जरा कल्पक मंडळी सोळा. मी पक्का अठरावाला. तक्ता हातात आला की आधी तो रकाना वरपासून खालपर्यंत भरून टाकायचो, म्हणजे पुढचं काम सुटसुटीत.

सात नंबरला एक शिंपीकाका होते. पायाची जखम चिघळून आलेले, गरीब स्वभावाचे, काही विचारलं की "बरं आहे" म्हणणारे. शेजारी आठ नंबरला एक बँडवाला, साखर वाढली म्हणून दाखल झालेला. तीस वर्षं ट्रम्पेट फुंकून त्याचे गाल कायमचे सैल पडलेत. तो मला म्हणाला, "ब्रदर, आमच्या शिंपीबुवांचा दम पुरत नाहीये. कालपासून वाक्य तोडून बोलतायत." मी यंत्र लावलं. ऑक्सिजन पंच्याण्णव. रक्तदाब ठीक. नाडी जरा जास्त, पण हॉस्पिटलात कुणाची नसते? मी बँडवाल्याला समजावलं, की काका, हे वाजंत्रीचं काम नाही, इथे शास्त्र असतं. (हे वाक्य आठवलं की आजही मला पलंगाखाली जावंसं वाटतं.) तासाभराने त्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा पंच्याण्णव दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने मला हाक मारलीच नाही. तो सलाइनचा स्टँड ढकलत सरळ इन्चार्ज सिस्टरांकडे गेला.

सिस्टर आल्या. त्यांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून बसल्या, शिंपीकाकांचं मनगट हातात घेतलं आणि "घरी कोण कोण असतं?" असं काहीबाही विचारलं. काका उत्तर द्यायला लागले आणि दर दोन शब्दांनी थांबायला लागले. एक मिनिट झालं. सिस्टर म्हणाल्या, "चौतीस." मग तक्ता उघडला. तीन दिवस, रोज सकाळी दहाला, माझ्या सुवाच्य अक्षरात : अठरा, अठरा, अठरा. पायातला जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला होता. शरीर धापा टाकून ऑक्सिजन कसाबसा टिकवत होतं, म्हणून यंत्राचा आकडा चांगला दिसत होता. सगळ्यात आधी श्वास वाढतो, बाकीचे आकडे नंतर बिघडतात. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. दहापैकी दहा मिळाले होते.

डॉक्टर धावत आले, काकांना आयसीयूत हलवलं. मी मागे नुसता भिंतीला टेकून उभा. वाटलं, संपलं, आता यात सिस्टर आणखी काय बघणार? त्यांनी अकरा नंबरचा तक्ता बघितला. अकरा नंबरचे आजोबा आदल्या संध्याकाळीच घरी गेले होते. पलंगावर फक्त घडी घातलेली चादर आणि उशी होती, आणि माझ्या तक्त्याप्रमाणे त्या उशीने सकाळी दहाला मिनिटाला अठरा श्वास घेतले होते. सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उशीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हिची तब्येत छान आहे."

त्या दिवसापासून वॉर्डात माझं नाव अठरा पडलं. शिक्षा म्हणून आठवडाभर स्टुलावर बसून, सगळ्यांदेखत, प्रत्येक पेशंटचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे. युक्तीबिक्ती नाहीच, कारण मी कशाला बसलोय हे अख्ख्या वॉर्डाला ठाऊक. एका आजोबांनी पहिला नंबर यावा म्हणून इतके खोल श्वास घेतले की त्यांना चक्कर आली. बँडवाल्याचे नऊ भरले. मी घाबरून सिस्टरांना बोलावलं, तर तो म्हणाला, "अहो, माझे जन्मभर नऊच आहेत, धंदाच तो आहे." सिस्टरांनी त्याच्या पहिल्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवलं. नऊच होते. त्या दिवशीची नोंद त्यांनी केली होती ना. म्हणजे नुसता आकडा मोजून भागत नाही, त्या माणसाचा रोजचा आकडा माहीत लागतो. हेही तू मला शंभर वेळा सांगितलं होतंस.

शिंपीकाका वाचले. पाचव्या दिवशी त्यांची बायको मला जिन्यात भेटली आणि हात जोडून म्हणाली, तुमच्यामुळे हे हाती लागले. मावशी, मी मान हलवली आणि भरभर जिना उतरलो. सगळ्यात जास्त लाज मला त्या मान हलवण्याची वाटते. दुसऱ्या दिवशी काका वॉर्डात परत आले, तेव्हा दोघांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. काकू खिडकीकडे बघत बसल्या. काका पायाच्या पट्टीकडे बघत होते. मग म्हणाले, "मीही एकदा माप न घेता, नजरेने कोट कापला होता. गिऱ्हाइकाला नवा शिवून दिला. तू काय देणार होतास?"

घड्याळात नवा सेल घातलाय. बघ, खिशावर लावलंय.

तुझा नालायक भाचा
(वॉर्डातलं नाव वर दिलंच आहे)

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस. माझा सत्कार झाला असं तिला वाटतं आणि तिने तसं सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय. ते मीच निस्तरेन.

आणखी एक ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण ते इतकं लांबण लावून का लिहिलं, हे राहिलं. तू जुनी सिस्टर. तुझं मनगट धरलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस, आणि ठणठणीत माणसासारखे श्वास घेऊन मला फसवलं असतंस. म्हणून तुला मिनिट-दोन मिनिटं न बोलता, पाठ टेकून बसवायला काहीतरी वाचायला द्यायला हवं होतं. मी लाजेने मान खाली घातली आहे असं तुला वाटत असेल. लाज आहेच. पण मी तुझ्या घड्याळाकडे बघतोय. लाइन खराब नव्हती, मावशी. आणि तीन उश्या कुणी हौसेने घेत नाही, आडवं पडलं की दम लागतो म्हणून घेतं, हे तूच मला शिकवलंस. मला फार भीती वाटतेय. खाली रिक्षा उभी आहे, डॉक्टरांना सांगून ठेवलंय. ओरडायचं ते रिक्षात ओरड, दम पुरला तर.

तक्ता सोबत आणलाय. ताप, नाडी, रक्तदाब तिकडे गेल्यावर बघू. हा एक रकाना इथेच भरायचा आहे, आणि काल पत्र लिहिताना तो मी कोरा सोडला आहे :

श्वास, दर मिनिटाला : ________