पोस्टमनच्या नाकाखालची सावली

३ तारीख, सोमवार
आमच्या गेमच्या ऑफिसात पात्रं रंगवणारा नोकरी सोडून दुसरीकडे गेला. खिडकीजवळचं त्याचं टेबल रिकामं. बॉस म्हणाले, ज्याला टेक्श्चर, म्हणजे पात्राच्या अंगावरचा रंग, रंगवून बघायचंय त्याने अठरा तारखेला एक कॅरेक्टर दाखवावं. मी लगेच हात वर केला. गेममधला पोस्टमन मीच कॉम्प्युटरवर घडवलाय, चारशे बारा त्रिकोण जोडून. फुटपट्टीने कापल्यासारखा दिसतो, पण नाक झकास आहे. (माझंच आहे.) अकरा वर्षं सांगाडे मी उभे करतो आणि कौतुक रंगवणाऱ्याचं होतं. आता पुरे.

बॉसनी एक बजावलं. आपल्या गेममध्ये दिवे नाहीत, कारण फोन तापतो. तेव्हा सावली, चकाकी, गालाची लाली, सगळं हातानेच रंगवायचं. मी मान डोलावली. ऐकत होतो असं नाही, मी खिडकीकडे बघत होतो.

संकल्प: रोज सकाळी सहा ते सात रंगकाम.

४, मंगळवार
उठलो पावणेआठला. मनाची तयारी आधी लागते.

मेहुणी राहायला आली. तिच्या घरी फरशी बदलतायत, तीन आठवडे. पार्लरमध्ये मेकअप करते. बायकोने तिला माझी उशी दिली.

६, गुरुवार, सकाळी ६.४० (!)
पोस्टमनला अंगाचा रंग लावला. एकच, सपाट. आणि काय सांगू, नाकाखाली सावली आपोआप पडली! तिथे ब्रश नेलाही नव्हता. टोपीखालीसुद्धा. यात म्हणे वर्षं जातात. जात असतील. एखाद्याच्या हातात उपजतच असतं.

८, शनिवार
मेहुणी खांद्यावरून डोकावली. म्हणाली, भावजी, चेहरा रंगवायला कधी घेणार? मी म्हणालो, झालाय. ती बरं म्हणाली. या बरंमध्ये काय होतं ते मला कळलं.

गप्प बसावी म्हणून तिला जुना टॅब्लेट आणि गेममधल्या पार्सल घेणाऱ्या काकूंचं मॉडेल दिलं. खेळ म्हटलं.

९, रविवार
मेहुणीने काकूंच्या डोळ्यांखाली किंचित जांभळट रंग लावला. मला हसू आलं. माणूस काय जांभळा असतो? मग काकू थकलेल्या दिसायला लागल्या. दुपारभर उन्हात उभ्या असाव्यात तशा. मी हसायचं थांबवलं.

बायको तिच्या मागे दहा मिनिटं उभी होती. मी घड्याळ लावून बघितलं. अकरा वर्षांत माझ्या मागे सलग दहा मिनिटं उभी राहिलेली नाही. मला वाईट वाटलं. वाईट कसलं, जळजळ झाली. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

११, मंगळवार
मेहुणी म्हणते, भावजी, पडद्याच्या कोपऱ्यात बल्बचं चित्र आहे, तो सॉफ्टवेअरचा दिवा बंद करून बघा. आम्हीही आरशावरचे दिवे घालवून चेहरा एकदा बघतो, म्हणजे आपलं काम किती आणि दिव्याचं किती ते समजतं. मी म्हणालो, शिकाऊंनी अंधारात बसावं. तिच्यादेखत बल्ब आणखी वाढवला. सावली आणखी छान झाली.

१३, गुरुवार
सकाळचा तास झाला नाही. मेहुणी आंघोळीला गेली असताना तिची फाइल बघण्यात वेळ गेला. कॉपी नव्हे, अभ्यास. तिचा जांभळट रंग पोस्टमनला लावून बघितला. मार खाल्ल्यासारखा दिसला. पुसला. तिच्या रंगातच खोट असणार.

१६, रविवार
नामी कल्पना! परवा दाखवताना पोस्टमन दारात उभा, समोर मेहुणीच्या काकू. हौशी काम शेजारी ठेवलं की अस्सल उठून दिसतं. मेहुणीला विचारलं तर ती खूश झाली. बायको म्हणाली, तुमचं मन मोठं आहे. आहेच.

१८, मंगळवार
मीटिंग रूम. सगळे हजर. गेम सुरू झाला, पोस्टमन दारात आला. नाकाखालची सावली आली नाही. घरून निघताना होती. टोपीखालचीही नाही. दोन डोळे, बाकी नुसती भिंत.

बॉसनी विचारलं, अजून लोड होतोय का? मी हो म्हणालो. सगळे थांबले. बराच वेळ थांबले.

मग काकूंनी दार उघडलं. टेस्टिंगवाली म्हणाली, अगंबाई, या तर माझ्या मावशीच. बॉसनी विचारलं, या कुणी केल्या? मेहुणीचा उल्लेख टाळून मी म्हणालो, घरी केल्या. त्यांनी पाठ थोपटली. दोन मिनिटं मी ऑफिसातला सर्वांत मोठा कलाकार होतो.

मग म्हणाले, आता पोस्टमनलाही अशीच गालावर ऊब आणा, इथेच, आम्ही बघतो. मी म्हणालो, रंगवायचं पेन घरी राहिलं. त्यांनी स्वतःचं पेन दिलं.

मी म्हणालो, मेहुणी.

घरी येऊन बल्ब बंद केला. लाली नाही, सावली नाही. बारा दिवस मी दिव्याचं कौतुक करत होतो.

२४, सोमवार
मेहुणी खिडकीजवळच्या टेबलावर रुजू झाली. पोस्टमनही तीच रंगवणार. मला म्हणाली, भावजी, नाक मात्र फार सुंदर घडवलंय. चिडावं की नाही, ठरवतोय. फरशी झाली, पण ऑफिस इथून जवळ म्हणून ती राहणार आहे. उशीसकट.

२५, मंगळवार, सकाळी ६.१५
बल्ब बंद. नाकाखाली पहिली सावली स्वतः रंगवली. वाकडी आहे, मिशीसारखी दिसते, पण माझी आहे.

पाठीमागे चाहूल लागली. बायको! वळलो नाही. घड्याळावर नजर ठेवली. एक मिनिट. दोन. मी पोस्टमनचा गाल रंगवायला घेतला. तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, जरा सरकता का, तुमच्या पुढे चार्जर आहे, ऑफिसला न्यायचाय.

वळून बघितलं तर बायको नव्हतीच. मेहुणी होती. बायको झोपली होती. चार्जर मेहुणीसाठी काढून ठेवायला बायकोनेच सांगितलं होतं, मलाच, काल.