हसबनीसांना दुधी कुणी वाढला?

चिरंजीव निनाद यास,

दुबईच्या करामाहून मनोरमा आत्याचे आशीर्वाद. (रागाने पाठवते आहे, पण आशीर्वादच आहेत, ठेवून घे.) तिकडे पुण्यात दादाचा गुडघा, वहिनीची ॲसिडिटी आणि खुर्चीत बसून बसून धरलेली तुझी पाठ, सगळं बरं असेल अशी आशा करते. इकडे आम्ही शरीराने ठणठणीत आहोत. मनाचं विचारू नकोस, कारण तेच सांगायला बसले आहे. फोनवर सांगायला गेलं की तू "आत्या, मीटिंग आहे" म्हणून सटकतोस, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या त्या बातम्यांचं. लोकांचे भाचे रविवारी सकाळी सुप्रभात आणि गुलाबाची फुलं पाठवतात. माझा भाचा पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेच्या बातम्या पाठवतो. नवी आवृत्ती आली, आत्या. एका वेळी एकालाच काम करू देणारं जुनं कुलूप आता काढून ठेवता येतं, आत्या. चूक झाली की हल्ली तो किती समजूतदारपणे सांगतो बघ, आत्या. आमचा मॅनेजर फहद याने अकाउंट्समधल्या सगळ्यांनी पायथन शिकायचंच, इन्शाल्ला, असं फर्मान काढलं नसतं तर मी हे सगळं न वाचता पुसून टाकलं असतं. (त्याच्या 'इन्शाल्ला'ला आपल्याकडचं 'बघू' समजू नकोस. जुमेरा लेक टॉवर्सच्या आमच्या ऑफिसात एसी आणि फहद कधीच बंद होत नाहीत.) म्हणून शिकले. तुझे आतोबा म्हणाले, या वयात? म्हटलं, तुम्ही या वयात मोबाईलवर रील्स बघायला शिकलात ते चालतं?

आता हसबनीस. तुझ्या आईने माझ्यामागे भुणभुण लावली होती की तिकडे दुबईत एखादी चांगली मुलगी बघ, हा इथे कुणाला होच म्हणत नाही. मी अबू धाबीच्या हसबनीसांची संजना सुचवली. मुलगी इथेच, आमच्या ऑफिसशेजारच्या टॉवरमध्ये डेटाचं काहीतरी काम करते, बोलते मोकळं, हसते मोठ्याने. तू फोटो पाहिलास आणि जन्मात पहिल्यांदा "हो, भेटू या" म्हणालास. वहिनीने फोनवर रडून घेतलं. मग ठरलं की आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहभोजनाला हसबनीस कुटुंबाने यायचं, आम्ही मोठ्यांनी सहज भेटल्यासारखं भेटायचं, आणि जमलं तर तू विमानात बसायचं. एवढं साधं होतं. यात बिघडण्यासारखं काही होतं का, तूच सांग!

पण हॉलवाल्यांनी पंगत मांडू दिली नाही. प्रत्येक घराचं नाव घातलेले डबे आणा म्हणाले. आणि आपली माणसं परदेशात आली की भूक कमी होते आणि पथ्यं वाढतात. आपट्यांना कांदा-लसूण नको, बापटांना शेंगदाणे नकोत, गोडबोल्यांनी साखर सोडली (आडनाव बघ!), मोघ्यांनी कुठला तरी व्हिडिओ पाहून भात सोडला. हे सगळं लेबलांवर कोण छापणार? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मीच जिथे तिथे सांगत सुटले होते की मला पायथन येतं. मग तुला फोन केला.

तू घाईघाईत सांगितलंस, एक फंक्शन लिही, म्हणजे पायथनने दर घराला करायची कृती. त्याला घराचं नाव दे, नको असलेले पदार्थ दे आणि ते गोळा करायला यादी दे. यादी हाताशी नसेल तर तिथे आधीच 'नन' लिहून ठेव, म्हणजे 'काही नाही', आणि आत गेल्यावर नवी यादी कर. इथे माझा हात थांबला. अरे, आपल्या घरात तांदूळ संपले तरी आपण 'संपले' म्हणत नाही, 'वाढले' म्हणतो. आणि मी पाहुण्यांच्या जेवणाच्या कामात त्यांच्या नावापुढे 'काही नाही' लिहू? माझ्याच्याने झालं नाही. मी नन खोडलं आणि तिथे रिकामे चौकोनी कंस टाकले, पायथनच्या लेखी ती रिकामी यादीच. कशी रिकामी वाटी मांडल्यासारखी दिसते ती! वाटी मांडली की पाहुण्याला कळतं, आता वाढणार आहेत. तुला विचारलंसुद्धा, चालेल ना रे? तू म्हणालास, हो हो, चालेल. पुढे काय म्हणालास ते तुला माहीतच आहे, मीटिंग!

आता मला शहाणपण आलं आहे. तो मेला पायथन दर घराला नवी वाटी घेतच नाही! फंक्शन लिहिलं तेव्हा एकदाच मांडतो आणि मग तीच वाटी सगळ्या मंडळात फिरवतो, न विसळता. आपट्यांचा कांदा-लसूण वाटीत पडला, तीच वाटी गोडबोल्यांकडे गेली, तिच्यात साखर पडली, पुढे शेंगदाणे, पुढे भात. आधीचं काही जातच नाही, नुसती भर पडते. तपासलं नाहीस का, असं विचारायचं धाडस करू नकोस. आपट्यांचं लेबल काढून पाहिलं होतं, अचूक आलं. (यादीत पहिला असल्यावर कुणाचंही अचूक येईल. लागोपाठ दोन घरं काढून बघायची असतात, हे मला आता कळून काय उपयोग?) आणि तो चुका समजूतदारपणे सांगतो म्हणत होतास ना? एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं ते मुकाट्याने छापत गेला.

रोल्ला भागातला आमचा केटरर दगडू याने सकाळी फोन केला होता. ताई, यादीतल्या खालच्या लेबलांच्या डब्यांत नक्की घालू काय? मी साडीच्या निऱ्या सावरत होते, त्यात आतोबांचा झब्बा सापडत नव्हता. मी म्हटलं, लिहिलंय ते पाळ, प्रश्न नकोत, खलास. बिचाऱ्याने पाळलं.

यादी आडनावांप्रमाणे लावलेली. हॉलमध्ये बघावं तर आपटे मसालेभात, भरली वांगी, श्रीखंड यांवर आडवा हात मारताहेत, बापटांपासून चेहरे उतरायला लागलेत, मोघ्यांनंतर स्मशानशांतता. आणि सगळ्यात शेवटी, 'ह'मध्ये, कोण? हसबनीस! ज्यांनी 'आम्ही सगळं खातो' असं उद्गारचिन्हासकट कळवलं होतं! त्यांच्या डब्याला लेबल गुंडाळून उरलं होतं. आत उकडलेला दुधी. बिनमिठाचा. शेजारी सोललेली काकडी, कारण कुणाला तरी सालं पचत नाहीत.

हसबनीसांनी लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, मला नक्की कोणता आजार आहे?" त्यांच्या बायकोने तर थेटच विचारलं की आम्हाला यायला नको होतं का? काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले की हे माझं नव्हे, हे पुण्याच्या आमच्या निनादने सांगितलं तसं केलंय. बोलले आणि मग कळलं की कुणाचं नाव कुणापुढे घेतलं. शुभ्रा बाजूलाच उभी होती. "मम्मा, यू लिटरली किल्ड हिम," म्हणाली. माझी लेक आईला धीर इंग्रजीतून देते.

ते लवकर निघाले. संजना तेवढी जाताना लेबल सोलून पर्समध्ये टाकत होती. मी मनात म्हटलं, पुरावा नेतेय. निनाद, परत येताना मी गाडीत रडले रे. मंडळात नाक कापलं गेलं म्हणून नाही, बायका काय दोन दिवस बोलतील आणि विसरतील. तू पहिल्यांदा कुणाला हो म्हणाला होतास आणि मी तुझ्या सासरच्यांना बिनमिठाचा दुधी वाढला, म्हणून. आतोबांनी सिग्नलला टिश्यूचा डबा पुढे केला.

तेव्हा हे स्थळ गेलं असं समज. वहिनीला तूच सांग, माझी हिंमत नाही. आणि कृपा करून या रविवारी बातम्या पाठवू नकोस. कुलूप काढा नाहीतर लावा, मला कळवू नका. तब्येतीला जप, राग आहे तसाच आहे आणि मायाही आहे तशीच.

तुझी,
मनोरमा आत्या

ता. क. पत्र टाकायच्या आत संजनाचा फोन आला. मी दोनदा माफी मागितली, तिने ऐकूनच घेतली नाही. लेबल बघताच तिला रोग कळला होता म्हणे, ही चूक पायथनवाल्या प्रत्येकाला एकदा तरी नडते. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की नन लिहायचं सोडून तिथे रिकामे कंस घातले कुणी आणि का? मी ते वाटीचं सांगितलं, पाहुण्याच्या जेवणापुढे 'नाही' कसं लिहायचं म्हणून. ती हसायला लागली, निनाद, रडल्यासारखी हसत होती. मग म्हणाली, आई-बाबांना मी समजावते. पण आत्या, हे ज्याला सुचलं त्याला मला भेटायचं आहे.

ता. क. आणखी एक. मी म्हटलं, ते निनादलाच सुचलं. आता तू मुकाट्याने तसंच सांग, नन सांगितलं होतंस हे लग्न होईपर्यंत तोंडातून काढू नकोस. चूक तुझी म्हणून मी सगळ्या हसबनीसांसमोर आधीच सांगून बसले होते, मग त्यातलं चांगलं तेवढं माझं, असं कोणत्या तोंडाने म्हणणार होते? तुझा नंबर तिला दिला आहे. उचल.