न दिलेली साक्ष

उरायासु, जपान, ९ नोव्हेंबर २०१९

प्रिय भानुदास,

परवा इथे भूकंपाचा धक्का बसला आणि घरच्यांच्या आधी तुझा मेसेज आला, 'साहेब, बरे आहात ना?' आम्ही ठीक आहोत. अरुणाने फुटलेल्या दोन बरण्या आवरल्या आणि मी नेहमीच्या ट्रेनने तोयोसुला ऑफिसात गेलो. २०११ साली इथली जमीन फुटून चिखल वर आला होता म्हणे. शेजारी अजूनही दाराशी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात.

तुझी मुलगी नववीत गेली, हे वाचून बरं वाटलं. अकरा वर्षं पलटणीची गाडी चालवलीस, आणि अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून त्यांनी तुला बडतर्फ केलं. आता दुसऱ्याचा ट्रक चालवतोस. तरी दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवतोस. या वेळी लिहिलंस, 'त्या दिवशी तुम्ही तिथे असता तर खरं बोलला असतात.' उत्तरादाखल मी नुसते जोडलेले हात पाठवले.

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एका मॅनेजरची चौकशी झाली. हाताखालच्या मुलीला तो सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलायचा. रिसेप्शनवरच्या ओनो-सान, निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या, आत जाऊन एवढंच म्हणाल्या, 'मी तिथे होते. मी पाहिलं.' मग जागेवर येऊन शांतपणे डबा खाल्ला.

भानुदास, मीही तिथे होतो. स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या पाहुण्यांची ने-आण करायला कर्नलसाहेबांनी तुझी रजा रद्द केली. आई आजारी म्हणून तू पुन्हा विचारायला गेलास. शेजारच्या खोलीत मी फाईल घेऊन उभा होतो, दार अर्धं उघडं होतं. त्यांनी तुला छडीने मारलं. तू हात उचललास तो तोंड वाचवायला. चौकशीत मी 'स्टोअरमध्ये होतो' असं लिहून दिलं. माझ्या बढतीचा वार्षिक अहवाल त्यांच्या हातात होता. तुझी आई गेल्याचं कळलं, तेव्हाही गप्प बसलो. वर्षभराने फौज सोडून इकडे आलो.

काल भारतीय दूतावासात जाऊन शपथपत्रावर सही केली. ते सोबत आहे, बडतर्फीविरुद्धच्या तुझ्या अपिलाच्या वकिलांना दे. सुनावणीला मी स्वतः उभा राहीन. खोट्या साक्षीबद्दल माझं काय व्हायचं ते होवो, अरुणाला सगळं सांगितलंय. सुनावणीच्या दिवशी माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
उल्हास