टेटूच्या झाडावरची पाटी

३ ऑक्टोबर
घळीतल्या झाडांची यादी संपली, मुलांच्या सहलीसाठी. वर कारवीचं रान, मधल्या कड्यावर सोनकी नि रानकेळी, खाली ओढ्याला उंबर, करंज. ओढ्याच्या कातळातले रांजणखळगे अजून पाण्यानं भरलेले. सोबत हिराबाई मावशी, ठाकूरवाडीत औषध देतात त्या. सगळं दाखवलं, टेटूच्या तीन झाडांपाशी मात्र गप्प. "नाव फोडला का गुन जातो, गुरुजी." मी हसलो. नाव मला ठाऊक होतंच.

५ ऑक्टो.
पत्र्याच्या पाट्या रंगवून तारेनं झाडांना बांधल्या. टेटूवर खाली बारीक अक्षरांत: 'साल काविळीवर. मुळाला बाजारात मोठी मागणी.' मावशींना विचारायला हवं होतं का? जाऊ दे. मुलांना कळायला नको?

१९ ऑक्टो.
सहल झकास. कुणीतरी पाट्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. दिवसभर कौतुक. सुखावलो, खोटं कशाला बोलू.

२ नोव्हेंबर
तिन्ही टेटू गेले. मुळासकट. साल सोलून खोडं तिथंच टाकलीत, एकाला माझी पाटी तशीच. वाडीत म्हणाले, टेम्पो आला, चार माणसं मोबाइलवर फोटो बघत खाली उतरली.
मावशी साल काढायच्या ती पंजाएवढी, एकाच बाजूची, वर ओला चिखल लिंपून. इतकी वर्षं झाडं उभी होती. मी एका महिन्यात...

४ नोव्हें.
मावशींकडे गेलो. सुनेला कावीळ. म्हटलं, शहापूरला दवाखान्यात नेऊ, गाडी आणतो.
"कालच नेलीय. पन मी काय देव तिला?"
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कोरा चहा दिला. माफी न मागताच निघालो. लाज वाटते.

७ नोव्हें.
उरलेल्या पाट्या काढायला निघालो. वाटेत मावशी, कमरेला कोयता. कारवीपाशी थांबल्या.
"तुमी हितंच बसा, गुरुजी. माझ्या मागं येव नका."
बसलो. त्या कुठल्या अंगानं उतरतात ते दिसू नये म्हणून घळीकडे पाठ केली. तासाभरानं वर आल्या, पदराला गाठ मारलेली. मिळालं का, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्या वाडीच्या वाटेला लागल्या.